धार लावण्याची विद्या

(कपिलधार येथे विद्यार्थी व पालक यांच्या एकदिवसीय शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. विज्ञानावर बोलायचे म्हणजे उपग्रहावर बोलावे, संगणकावर बोलावे, अणुशक्तीवर बोलावे. हजामाच्या वस्तऱ्याला धार कशी लावतात आणि त्यासाठी जगात कोणकोणते शोध लागले, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तरीही मी तो मुद्दाम निवडला आहे. आपल्या समाजात ज्या घरांतून मुले शाळेत येतात, त्यांतील कितीतरी घरे हत्यारावर जगलेली आहेत. कुणाचे वडील हजाम, कुणाचे आजोबा शिकलगार, कुणाचे खाटीक, कुणाचे पिंजारी, कुणाचे सुतारकाम करणारे. या मुलांना शाळेत वडिलांचा धंदा विचारला की ती खाली पाहतात. मला त्यांना सांगायचे आहे की तुमच्या घरच्या पेटीत जी विद्या पडून आहे, तिच्या शोधात युरोपातील मोठमोठे विद्वान एके काळी हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसले होते. आणि पालकांना हेही सांगायचे आहे की ती विद्या असूनही आपण मागे का राहिलो.

ज्या जागी आपण जमलो आहोत तिचे नावच कपिलधार. बीड शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. येथे मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिक पौर्णिमेला आपल्या लिंगायत बांधवांची मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याची धार कोसळते. आपल्या मराठी भाषेची गंमत पाहा. पाण्याचीही धार आणि वस्तऱ्याचीही धार. हा कडा काळ्या पाषाणाचा, शास्त्रीय भाषेत बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर पसरलेल्या लाव्हारसाचा तो बनला आहे. इतका कठीण पाषाण पाणी कसे कापते? नुसते पाणी फार थोडे कापते. पाण्याबरोबर वाळू आणि खडे वाहत येतात, ते दगडाला घासतात आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा दगड झिजत जातो. धार लावण्याचे सारे शास्त्र याच एका गोष्टीत आहे. कठीण वस्तू तिच्याहून कठीण अशा बारीक कणांनी, थोडी थोडी आणि एकाच दिशेने झिजवायची.

धार म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रहो, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या वस्तऱ्याची कड एका मायक्रॉनहूनही पातळ असते. म्हणजे केसाच्या जाडीच्या मानाने ती शंभरावा भागही नसते. एवढी पातळ कड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग हजामाला धार लागली की नाही हे कळते कसे? तो अंगठा हलकेच आडवा फिरवून पाहतो, किंवा एखादा केस धरून त्यावर वस्तरा टेकवून पाहतो. त्याचे बोट हेच त्याचे सूक्ष्मदर्शक यंत्र.

आता वस्तऱ्याची घडण पाहा. त्याची पाठ जाड आणि कड पातळ असते. धारेच्या दगडावर तो आडवा टाकला की पाठ आणि कड दोन्ही एकदम दगडाला टेकतात. त्यामुळे दगडाशी किती कोन धरायचा हे हाताला ठरवावे लागत नाही. वस्तऱ्याच्या घडणीतच तो कोन बसवलेला असतो. दोन्ही बाजू मिळून तो साधारण सोळा ते अठरा अंशांचा असतो. शिवाय दगडावर कड झिजते तशी पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षे घासूनही कोन जवळजवळ तोच राहतो. सुरी, विळा, कोयता यांना ही सोय नाही. ज्या कोणी अनाम कारागिराने ही घडण प्रथम शोधली त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण भूमितीच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल असा त्याचा शोध आहे.

वस्तरा बोथट का होतो, हा प्रश्नही साधा नाही. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. मग मऊ केसाने कठीण पोलाद कसे हरते? कड हळूहळू झिजून गोल होते, असे पुष्कळ काळ मानले जात होते. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाढीच्या ब्लेडची कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांना आढळले की केस कापताना कडेचे अगदी बारीक टवके उडतात. पोलादाची घडण जिथे सर्वत्र सारखी नसते, तिथे केस विशिष्ट कोनात वाकला की टवका निघतो. हजाम पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला की केस आधी चांगला भिजवा, मग वस्तरा लावा. भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. अनुभवाने जे हाताला कळले होते, त्याच्या मागचे कारण शोधायला शास्त्राला एकविसावे शतक उजाडावे लागले.

दगडाची गोष्ट

धारेचा दगड हा माणसाच्या सर्वांत जुन्या साधनांपैकी एक. रोमचा ग्रंथकार प्लिनी हा इसवी सन ७९ मध्ये वारला. त्याने आपल्या सृष्टिविज्ञानाच्या ग्रंथात धारेच्या दगडांच्या जाती नोंदवून ठेवल्या आहेत. काही दगड तेल लावून वापरायचे, काही पाणी लावून, आणि एक जात अशी की जी हजामाच्या दुकानात थुंकी लावून वापरीत! आज हे कोणी करू नये, हे सांगायला नकोच. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या विद्वानाला हजामाच्या दुकानातील दगड ग्रंथात लिहिण्याइतका महत्त्वाचा वाटला, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

निरनिराळ्या देशांना निसर्गाने निरनिराळे दगड दिले. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात एक पिवळसर दगड सापडतो. त्यात गार्नेट नावाच्या खनिजाचे अतिशय बारीक कण असतात आणि वस्तऱ्यासाठी तो युरोपभर नावाजला गेला. अमेरिकेतील आर्कान्सा प्रांतात एक कठीण, गुळगुळीत दगड मिळतो. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला नोव्हॅक्युलाइट म्हणतात. लॅटिन भाषेत नोव्हाक्युला म्हणजे वस्तरा. म्हणजे दगडाचे शास्त्रीय नावच वस्तऱ्यावरून पडले.

आणि आपल्या देशाने जगाला कोणता दगड दिला? कुरुंद. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस्‌च्या श्रेणीत हिऱ्याला १० आणि कुरुंदाला ९ गुण आहेत. माणिक आणि नीलम ही त्याचीच रत्नरूपे. इंग्रजांनी या दगडाला कोरंडम म्हटले, ते आपल्याच दक्षिणेकडील भाषांतल्या नावावरून. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील या दगडाविषयी निबंध मांडला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपले कारागीर कुरुंदाची पूड करून ती वितळलेल्या लाखेत कालवीत आणि त्याचे गोल चाक ओतीत. हे चाक दोरीने किंवा वादीने फिरवले की त्यावर तलवार, सुरी, वस्तरा, इतकेच काय पण रत्नेही घासता येत. कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ, हेच आजच्या कारखान्यांतील धारेच्या चाकाचे तत्त्व आहे. लाखेच्या जागी दुसरे पदार्थ आले, इतकाच फरक.

हे काम करणारे आपले शिकलगार. या शब्दात अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई आणि फारसी ‘गर’ म्हणजे करणारा, असे दोन शब्द आहेत. महाराष्ट्रातील शिकलगार बहुतांशी मुसलमान आहेत; नांदेडकडे शीख सिकलीगरही आहेत. तलवारींचे दिवस संपल्यावर हे लोक गावोगाव फिरून विळे-कोयते, कात्र्या आणि वस्तरे यांना धार लावू लागले. सायकलच्या चाकावर पट्टा चढवून दगड फिरवणारा आणि गल्लीतून हाळी देत जाणारा धारवाला तुम्ही पाहिला असेल. तो ज्या सहजपणे दगडावर पाते टेकवतो त्यात शेकडो वर्षांचा सराव आहे.

चामड्याचा पट्टा

दगडाने धार लागते. पण दगडावर वस्तरा रोज घासला तर तो लवकर संपून जाईल. म्हणून रोजच्या कामाला चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर वस्तरा परजताना पाठ पुढे ठेवायची आणि कड मागून येऊ द्यायची; उलट केले तर चामडेच कापले जाईल. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटायचा, कडेवरून कधीच नाही. चामडे फार थोडे पोलाद काढते. दाढी करताना वाकडी झालेली बारीक कड ते सरळ करते आणि तिच्यावर चढू पाहणारा गंज पुसून काढते. पट्टा जवळ नसला तर आपले हजाम तळहातावरच वस्तरा परजीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात या पट्ट्याचा मोठा व्यापार सुरू झाला. लंडनच्या जॉर्ज पॅकवुड याने पट्टा आणि त्यावर लावायची एक पेस्ट तयार करून तिच्या वर्तमानपत्रांतून गमतीदार जाहिराती दिल्या. पद्ये, संवाद, कोडी असे नाना प्रकार त्यांत होते. १७९६ साली त्याने त्या जाहिरातींचे चक्क पुस्तक काढले. पुढे १८३० च्या सुमारास जॉन जोसेफ मेकी या इटालियन बापाच्या मुलाने लंडनमध्ये ‘जादूचा पट्टा’ विकून संपत्ती मिळवली. तो पैसा घेऊन त्याने १८४१ मध्ये एक नापीक जमीन विकत घेतली, तिच्यात पाण्याचा निचरा आणि खतांचे प्रयोग केले आणि शेतीसुधारक म्हणून नाव कमावले. हजामाच्या पट्ट्यातून शेतीचे प्रयोग उभे राहिले, हे उदाहरण आपल्या व्यापारी बांधवांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

सगळेच शोध खरे नसतात, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. १९५९ साली चेकोस्लोव्हाकियात एका गृहस्थाला असे पेटंट मिळाले की पुठ्ठ्याच्या लहान पिरॅमिडखाली ठेवलेल्या दाढीच्या पात्याची धार टिकते. जगभर लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. शास्त्रीय कसोट्यांत मात्र हा दावा टिकला नाही. सरकारी शिक्का मिळाला म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असे नव्हे. हजामाची कसोटी याहून कडक असते. वस्तरा चालला नाही तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे ओरडते!

ज्याने लिहिले, त्याचे नाव राहिले

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. १७६९ साली पॅरिसमधील झाँ-झाक पेरे नावाच्या एका कारागिराने एक पुस्तक छापले. पेरे हा सुऱ्या, कात्र्या, वस्तरे घडवणारा माणूस, आपल्याकडच्या लोहार-शिकलगारासारखा. आपली दाढी आपण कशी करावी, धारेचे दगड कसे ओळखावेत, पट्ट्याचे चामडे कसे तयार करावे, हे सारे त्याने त्या पुस्तकात लिहिले. कातडी कापली जाऊ नये म्हणून वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवण्याची युक्तीही त्याचीच. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने निरनिराळ्या हुन्नरांवर ग्रंथमाला काढली होती; तिच्यातील सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यावरचा मोठा ग्रंथ पुढे याच पेरेने लिहिला. भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाच्या हाती लेखणी आली आणि विद्वानांच्या अकादमीने त्याचा ग्रंथ छापला.

हत्यारांवर लिहिण्याची परंपरा अरबी विद्येत त्याहून कितीतरी जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-किंदी या तत्त्ववेत्त्याने तलवारींच्या जातींवर एक पुस्तिका लिहिली आणि निरनिराळ्या देशांच्या पोलादाची लक्षणे सांगितली. कुर्तुब्याचा शल्यवैद्य अल्‌-जहरावी १०१३ च्या सुमारास वारला. त्याने आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या सुमारे दोनशे हत्यारांची वर्णने चित्रांसह दिली. ‘हज्जाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तुंबडी लावून दूषित रक्त काढणारा असा आहे. म्हणजे वस्तरा धरणारा हात आणि शस्त्रक्रियेचे हत्यार धरणारा हात हे एके काळी जवळचे नातलग होते. एक हात पुस्तकापर्यंत गेला आणि त्याचा डॉक्टर झाला. दुसरा गावातच राहिला आणि धोकटी काखेत घेऊन घरोघर फिरत राहिला. दोघांच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक अक्षराचा होता.

दुसरे उदाहरण आपल्या दख्खनचेच आहे. वस्तरा कितीही चांगल्या दगडावर लावा, पोलाद बेताचे असेल तर धार टिकत नाही. उत्तम पोलाद दक्षिण हिंदुस्थानात होत असे. कन्नड-तेलुगूत त्याला उक्कु म्हणत, इंग्रजांनी त्याचे वूट्झ केले. मातीच्या बंद मुशीत लोखंड तापवून, त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन मुरवून ते तयार होई. याचे एक मोठे केंद्र कोनासमुद्रम. हे गाव आज तेलंगणात निजामाबाद भागात आहे. निजामाच्या काळी ते आपल्या बीडप्रमाणेच हैदराबाद संस्थानात होते. हे पोलाद विकत घ्यायला इराणातून, इस्फहानहून व्यापारी येत. व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरने ते काम तिथे जाऊन पाहिले आणि लिहून ठेवले. त्याचे टिपण १८३२ मध्ये छापले गेले. ज्या कारागिरांनी ते पोलाद केले, त्यांच्या हातचे एकही टिपण मला कोणी दाखवू शकणार नाही.

१७९४ साली मुंबईतील एक डॉक्टर हेलेनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. ते तेथील जेम्स स्टोडार्ट नावाच्या हत्यारे बनवणाऱ्याच्या हाती गेले. तो इतका खूश झाला की आपल्या दुकानाच्या पत्रकावर त्याने हिंदुस्थानी पोलाद युरोपच्या उत्तम पोलादापेक्षा सरस असल्याचे छापले. पुढे १८१९ ते १८२२ च्या दरम्यान स्टोडार्टने एका तरुण शास्त्रज्ञाला बरोबर घेऊन या पोलादाचे पृथक्करण केले आणि त्याच्यासारखे नवे मिश्र पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. त्या प्रयोगातील पोलादाचे वस्तरे करून त्या तरुणाने आपल्या मित्रांना भेट म्हणून दिले. तो तरुण कोण होता? मायकेल फॅराडे! ज्याच्या शोधामुळे आज तुमच्या घरी विजेचा दिवा लागतो, तोच.

विद्यार्थी मित्रहो, फॅराडेचे वडील लोहार होते. घरची गरिबी होती. शाळेत त्याला लिहिणे, वाचणे आणि थोडे हिशेब एवढेच मिळाले. पुढे तो एका पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. तो लोहाराचा मुलगा होता, म्हणून पोलादाचे प्रयोग करताना त्याला भट्टीची लाज वाटली नाही. आणि तो वाचणारा होता, म्हणून भट्टीजवळच थांबला नाही. ऐरण आणि पुस्तक या दोन्ही गोष्टी एका मुलाच्या वाट्याला आल्या की काय घडते, त्याचे हे उदाहरण आहे. कोनासमुद्रमच्या कारागिराच्या मुलाजवळ ऐरण होती. पुस्तक नव्हते.

धारच न लावण्याचा शोध

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन याने विजेच्या भट्टीत एक अतिशय कठीण कृत्रिम पदार्थ बनवला. त्याला त्याने कार्बोरंडम हे नाव दिले. त्यात आपला कुरुंद लपलेला आहे. या पदार्थाचे दगड वस्तऱ्यांसाठी जगभर विकले गेले. १९५४ साली परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने त्या वेळच्या मद्रासमध्ये त्याचा कारखाना निघाला. म्हणजे आपलाच शब्द परदेशी जाऊन, कारखान्याचा शिक्का घेऊन परत आला.

अमेरिकेतील फिरता विक्रेता किंग कॅम्प जिलेट याने निराळाच विचार केला. धार लावायचीच कशाला? स्वस्त, पातळ पाते करावे आणि बोथट झाले की टाकून द्यावे. इतके पातळ पोलाद कडक करता येणार नाही, असे जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या शिकलेल्या अभियंत्याने ते करून दाखवले. १९०३ साली जिलेटचे अवघे ५१ रेझर खपले. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर गेले. धार लावण्याच्या युक्त्या त्यानंतरही निघत राहिल्या. एका कंपनीने रेझरमधूनच पट्टा ओढून पात्याला धार लावायची सोय केली. इंग्लंडातील रोल्स रेझरच्या डबीत एका झाकणाला दगड आणि दुसऱ्याला चामडे होते. आपल्याकडे काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूने ब्लेड घासून आणखी चार दाढ्या उरकणारी काटकसरी मंडळी होतीच! पण बाजार टाकाऊ पात्याकडे गेला आणि दगड-पट्टा मागे पडला.

आज आपले बहुतेक हजाम घडीच्या उस्तऱ्यात अर्धे ब्लेड घालून काम करतात. ही गोष्ट चांगली झाली, असे मी स्पष्ट सांगतो. चामड्याचा पट्टा उकळता येत नाही, आणि एका गिऱ्हाइकाचे रक्त त्यावरून दुसऱ्याच्या गालावर जाऊ शकते. काविळीचा एक गंभीर प्रकार, हिपॅटायटिस बी, याचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणून पालकांनो, दाढी किंवा मुलांचे जावळ करताना आपल्या डोळ्यांदेखत नवे ब्लेड घालायला सांगा. आणि दुकानदार बांधवांनो, गिऱ्हाइकाने सांगण्याची वाट पाहू नका. वापरलेले अर्धे पाते पुन्हा वापरून वाचणारे पैसे कोणाच्याही जिवाएवढे मोलाचे नाहीत. जुन्या विद्येचा आदर करावा, पण तिच्यातील जे घातक ठरले ते सोडून द्यावे.

धार कुठे चालवायची नाही

या धंद्याच्या इतिहासातील एक गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. त्या काळी काही समाजांत विधवा स्त्रीचे केस जबरदस्तीने काढण्याची चाल होती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीने तिच्याविरुद्ध आवाज उठवला. १८९० साली मुंबईत फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांची सभा भरली आणि आमचा वस्तरा या अन्यायासाठी चालणार नाही, असा निर्धार करण्यात आला. ही माणसे गरीब होती. त्या कामाचे मिळणारे पैसे त्यांनी सोडले. आपले हत्यार कशासाठी वापरायचे नाही, हे ज्याला कळले तोच खरा सुशिक्षित. पदवीधरांनाही हे कळतेच असे नाही.

आपण काय करावे?

पालकांनो, आता थोडे घरचे बोलतो. सातवी-आठवीत मुलगा जरा उंच झाला की त्याला दुकानात बसवण्याचा मोह होतो. घरात दोन हात वाढतात, हे खरे आहे. तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. पण आज जी कथा ऐकली तिचा हिशेब मांडून पाहा. दगड आपला, लाख आपली, पोलाद आपले, हात आपले. पेटंट मात्र दुसऱ्याचे, कारखाना दुसऱ्याचा आणि पुस्तकात नाव दुसऱ्याचे. त्यांनी आपल्यापासून हिसकावून नेले असे म्हणून चालणार नाही. त्यांनी मोजले, लिहिले, छापले. आपण तोंडी ठेवले. बाप गेला की मुलाला निम्मे ठाऊक, नातवाला काहीच नाही. मुलाला दहावीच्या आत शाळेतून काढणे म्हणजे हीच गोष्ट आणखी एका पिढीपुरती पुढे ढकलणे होय. मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे, कारण घरात जे टिकते ते आईच्या शिकण्याने टिकते.

याउलट काही पालक शिकलेल्या मुलाला धंद्याजवळ फिरकूही देत नाहीत. ‘आम्ही भोगले, त्याने भोगू नये,’ असे म्हणतात. भावना चांगली आहे, पण त्यात हातची विद्या बुडते. सुटीच्या दिवशी त्याला जवळ बसवा. दगड कसा ओळखायचा, पाते कसे धरायचे, पोलादाचा आवाज कसा ऐकायचा, हे सांगा. तोच मुलगा पुढे आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये, अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा दंतवैद्यकाच्या वर्गात गेला, तर हत्यार हातात घेताना इतरांच्या एक पाऊल पुढे राहील.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला मी एकच काम सांगतो. घरी गेल्यावर एक वही करा. आजोबांच्या, वडिलांच्या, आईच्या हाताखालील प्रत्येक हत्याराचे नाव, ते कशाचे केलेले आहे, त्याला धार किंवा तेल-पाणी कसे करतात, हे त्यांना विचारून लिहा. शेजारी वही नसलेला एखादा म्हातारा कारागीर असेल तर त्याच्याकडेही जा. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा, आणि हत्याराचे चित्र काढा. जमल्यास त्याची लांबी-रुंदी मोजा. मग विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा की हे असे का होते. शिक्षकांना सांगता आले नाही तर लाजू नका आणि त्यांनाही लाजवू नका. दोघे मिळून शोधा. पेरेने याहून वेगळे काय केले होते?

आणि पुढच्या वेळी शाळेत वडिलांचा धंदा विचारला, तर मान वर करून सांगा. हजाम असेल तर हजाम म्हणा, शिकलगार असेल तर शिकलगार म्हणा. त्यानंतर लगेच हेही सांगा की आमच्या धंद्याची विद्या मी लिहून काढतो आहे.